सुई आधी माझ्या घशाला

आमच्या घरात जेवणं आटोपली की दोन घसे बोलायला लागायचे. एक माझा, एक माझ्या नातीचा. गुर्र, गुडगुड, कर्रर्र. विहिरीच्या कपारीत बसलेला बेडूक बोलतो ना, तसंच. फक्त हा बेडूक गळ्याच्या खळगीत बसलेला. चारचौघांना जेवणानंतर ढेकर येतो, पोटातली हवा वर येऊन निघून जाते. आम्हा दोघींची हवा वर यायची, गळ्याशी थडकायची आणि माघारी फिरायची. उभ्या जन्मात मला एक ढेकर आला नव्हता. नातीलाही नाही.

ऐकायला गंमत वाटते. भोगायला नाही. पोट हलगीसारखं ताणतं, छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं होतं, बसवत नाही, निजवत नाही. याला आजार म्हणतात हे मला सत्तरीला टेकल्यावर कळलं. तोवर मी त्याला माझा स्वभाव समजत होते.

लग्न होऊन कुरुंद्याकडच्या या गावात आले तेव्हा मी अंगानं मोठी आणि अकलेनं बेताची होते. पहिल्याच दिवशी जेवण झालं आणि घसा बोलला. सासू कानाची तिखट. म्हणाली, "पोरीचं पोट बोलून राहिलं. भूक हाय अजून. वाढा तिला." वाढलं. मी खाल्लं. घसा आणखी बोलला. "बघा, लाजून राहिली बिचारी. वाढा!" सासरी वाढलेल्याला नाही म्हणायचं नाही असं आईनं बजावून पाठवलं होतं. आईनं सांगितलेल्या शंभर गोष्टींतली ही एकच मी पाळली, आणि ती नेमकी नको तिथं. थोड्याच दिवसांत गावभर झालं की अमक्याच्या सुनेचं पोट म्हणजे कणगी आहे. मी बाभळीच्या आडोशाला जाऊन पोट धरून रडायची आणि परत येऊन वाढलेलं खायची.

याहून मोठा शहाणपणा पुढं आहे. एका मंगळवारी देवळात आरती संपली, टाळ्या थांबल्या आणि त्या शांततेत माझा घसा असा काही गरजला की पुढच्या रांगेतली म्हातारी दचकून उठली. "आली बाई, आली! हिच्या अंगात येऊन राहिली!" लगेच माझं कपाळ कुंकवानं भरलं, ओटीत नारळ पडला, बाया पाया पडायला लागल्या. ही देवी नाही, दुपारची वरणफळं आहेत, एवढं सांगायला किती वेळ लागतो? पण मला खरंच वाटलं, असेल बाई! आपल्यात काहीतरी आहे हे मला लहानपणापासून वाटतच होतं. एकीनं विचारलं, "माय, माझी शेळी कुठं गेली?" मी डोळे मिटून म्हणाले, "नदीकडं." शेळी नदीकडंच सापडली, कारण आमच्या गावातली प्रत्येक शेळी नदीकडंच जाते. त्यानंतर मी खरकट्याला हात लावणं सोडलं. सासूनं ते चारदोन दिवस चालू दिलं. मग म्हणाली, "देवी, राख तिथं हाय, भांडी इथं हायेत." देवी मुकाट्यानं भांड्यांना बसली.

पुढं मी माझ्यापुरता मार्ग काढला. दोन घास कमी खायचे, जेवलं की शेताकडं चालत सुटायचं, डाव्या कुशीवर पडायचं. त्यातच लेकरं झाली, नातवंडं झाली. म्हणून नातीचा घसा बोलायला लागला तेव्हा मी हसले. "माझ्यावर गेली गं पोरगी!" असं सगळ्यांना कौतुकानं सांगत फिरले.

कौतुकासारखं त्यात काही नव्हतं, हे कळायला वेळ लागला.

नातीला पोलीस व्हायचं आहे. वसमतला भरतीची तयारी करून घेणारी एक अकॅडमी आहे, ती तिथंच राहते आणि शनिवारी घरी येते. पहाटे धावणं, मग गोळाफेक, मग अभ्यास. भरलेल्या पोटानं कुणालाच धावता येत नाही, पण तिच्या पोटात अन्नाबरोबर हवाही भरलेली असायची आणि ती तासन् तास उतरायची नाही. आठशे मीटरला दुसऱ्याच फेरीत छाती आवळून यायची. मग तिनं तिचा मार्ग काढला. माझ्याहून सरळ मार्ग. खायचंच नाही. सकाळी नको, धावायचंय. दुपारी नको, गोळा फेकायचाय. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, अभिमानानं सांगायचा, "काय कंट्रोल हाय पोरीचा!" तिची आई शनिवारी तिच्या हातातली बांगडी कोपरापर्यंत सरकते का ते चोरून बघायची. सरकायची.

मग एक दिवस ती मैदानावर पडली. तिचे सर माणूस म्हणून चांगले. त्यांनी विचारलं, काय होतंय? ती म्हणाली, पोट फुगलंय, हवा निघत नाही. सरांना वाटलं, एवढंच ना? त्यांनी समोरच्या गाड्यावरून सोड्याची बाटली आणवली. "गटागटा पी. एक ढेकर दे, मोकळी होशील." आमच्याकडं कुणालाही हेच सुचलं असतं. सरांनी सांगितलं म्हणून पोरीनं आख्खी बाटली रिचवली. आधीच गच्च भरलेल्या पोटात बाटलीभर हवा आणखी गेली, आणि बाहेर यायला वाट नाही. ती मातीत लोळायला लागली. दवाखान्यात नेलं, छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, सगळं नीट निघालं. ॲसिडिटी म्हणून गोळ्या दिल्या. घरी आणली तर तिच्या बापानं येताना काय आणलं असेल? सोडा. डझनभर.

त्या आठवड्यात ती घरीच होती. आडवी पडून मोबाईल बघायची. मी हळदीची बोटं निवडत बसले होते, तर एकदम माझा घसा बोलल्याचा आवाज आला. माझा घसा तर गप्पच होता. बघते तर आवाज मोबाईलमधून. कुठल्यातरी दूरदेशीची गोरी पोरगी गळ्याला हात लावून बसलेली आणि तिच्या गळ्यातून आमचा बेडूक बोलत होता.

"आजी," नात म्हणाली, "याला नाव हाय. याच्यावर इलाज हाय."

"ही पोरगी कुण्या गावची?"

"आजी, इलाज ऐक ना."

इलाज असा: गळ्याच्या तळाशी, अन्ननलिकेच्या तोंडावर एक स्नायू असतो. तो घट्ट मिटलेला असतो आणि गिळताना सैल होतो. हवा खालून आली तरी त्यानं सैल व्हायला पाहिजे. आमचा होत नाही. म्हणून त्यात सुईनं बोटुलिनम नावाचं विष अगदी कणभर टोचतात. स्नायू काही महिने ढिला पडतो, तेवढ्यात शरीर ढेकर द्यायला शिकतं. पुष्कळांचं नंतरही टिकतं. काहींना परत टोचावं लागतं.

"सिनेमातल्या बाया सुरकुत्या जायला टोचून घेतात, तेच हे," नात म्हणाली.

"मग राहिलेलं माझ्या कपाळात टोच म्हणावं."

ती हसली नाही. तिच्या बापानं 'विष' एवढा एकच शब्द ऐकला. "पोरीच्या नरड्यात विष घालू? उद्या आवाज गेला तर? लग्न कोण करंल?"

"लग्नाचं राहू द्या, बाबा," ती म्हणाली. "मला जेवायचंय."

यावर तो उठून गोठ्याकडं गेला.

पण भीती तिलाही होती. ती तिनं मला सांगितली. सुई घेतली की काही आठवडे गिळायला अवघड जातं, असं तिनं वाचलं होतं. भरतीची जाहिरात निघाली होती, मैदानी चाचणी कधीही लागली असती. "आता सुई घेतली आन् खाताच आलं न्हाई तर, आजी? त्यापेक्षा भरती होईस्तोर असंच काढते. उपाशी." आणि ते 'उपाशी' तिनं असं म्हटलं, जसं एखादी म्हणते की आज केस धुवायचे राहू देते.

मी म्हणाले, "आधी मी घेते. मला काही झालं न्हाई तर तू घे."

हे बोलताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं, हे लिहून ठेवायला पाहिजे. म्हातारपणी माणूस शहाणं होतं म्हणतात. माझ्या बाबतीत फक्त म्हातारपण आलं.

असा इलाज करणारी डॉक्टरीण हैदराबादला आहे असं कळलं. नांदेडहून रेल्वेनं गेलो, मी, नात आणि सून. डॉक्टरीण तिथलीच, बोलणं तिथलंच. तिनं आमच्या दोघींचे गळे ऐकले, नाकातून दुर्बीण घालून पाहिलं आणि आधी नातीकडं वळली. "बेटी, तुमकू यह करना चाहिए. खाना छोड़ी सो बहोत बुरा है." मग मला म्हणाली, "अम्मा, तुमकू नक्को. उमर हो गई. निगलने में तकलीफ होती, खाना साँस की नली में जा सकता. क्यों करना?"

मी माझ्या हिंदीत म्हणाले, "डॉक्टरीणबाई, इतने साल से हवा अंदर लेके बैठी हूँ. मरने के पहले एकदा तरी निकालने दो."

ती हसली, पण हो म्हणाली नाही. आधी हृदयाची तपासणी, रक्ताची तपासणी, घोट घेताना फोटो. सगळं बरं निघाल्यावर म्हणाली, "हौ, करते. मगर मैं बोली वैसाच खाना. पतला, थोड़ा थोड़ा, सीधा बैठ के. रोटी, भाकर बिल्कुल नक्को." मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून पटाईत.

भूल दिली, तोंडातून दुर्बीण घातली, आत सुई टोचली. बाहेर काही खूण नाही. शुद्धीवर आले तर नात माझा गळा निरखत होती, जणू तिथं भोक पडलेलं असणार.

घरी आलो. काही दिवसांनी अंगणात बसले असताना छातीतून एक बुडबुडा निघाला, वर आला, गळ्याशी आला आणि थांबला नाही. 'हक्' एवढासा आवाज झाला. मी इकडंतिकडं बघितलं, कोण बोललं? दुसरा आला तो जेवून उठलेल्या पाहुण्यासारखा, मोठ्यानं. मुलगा बियाण्याच्या दुकानदाराशी फोनवर बोलत होता, तो म्हणाला, "न्हाई हो, ती आमची माय हाय." नात पळत आली. "आजी, परत दे! परत दे!" मी परत दिला. ती अशी हसली, की त्या हसण्यासाठी मी गळ्यात कोयता घालून घेतला असता.

आणि त्या हसण्यानंच माझा घात केला. कारण त्याच दिवसांत दुसरंही सुरू झालं होतं. पाणी नाकात यायचं. भाताचा घास गळ्यात उभा राहायचा, ना खाली ना वर. डॉक्टरणीनं हे होणार म्हणून सांगितलंच होतं, ओसरणार हेही सांगितलं होतं. पण नात विचारायची, "गिळायला कसंय?" आणि मी म्हणायची, "लोण्यासारखं." ती नसताना आंबील प्यायची, तीसुद्धा घोट घोट, भिंतीला टेकून.

शनिवारी शेजारच्या बाया भेटायला आल्या. आमच्याकडं रीत अशी, की दुखणेकऱ्यानं चार माणसांत भाकरी खाल्ली की दुखणं संपलं. पेज, दूध, खिचडी काहीही खा, कुणी धरत नाही. भाकरी गेली पाहिजे. एकीनं घरून ताजी भाकरी आणि पिठलं आणलंच होतं. "खा बरं माय. विष टोचलेल्या नरड्यातून भाकरी कशी जाती ते बघू तरी."

सून म्हणाली, "आत्याबाई, डॉक्टरनं न्हाई सांगितलंय." पण नात समोर बसलेली, माझ्याकडं बघत. मी म्हणाले, "डॉक्टरला काय कळतं भाकरीतलं?" आणि चांगला ऐसपैस तुकडा मोडून तोंडात घातला. एका मंगळवारी देवी झाले होते, आता सत्तरीत पैलवान व्हायला निघाले. मधल्या काळात शिकले काय, तर काही नाही.

तुकडा खाली गेला नाही. श्वासही गेला नाही. पुढचं मला तुटक आठवतं. बायांचे पाय. हातातून सुटलेली पितळी. मग पाठीवर धपाधप हात, माझं डोकं खाली दाबलेलं, आणि तुकडा बाहेर मातीत. अकॅडमीत शिकवतात म्हणे हे. पाठीवरचा तो हात नातीचा होता.

सुनेनं बायांना वाटेला लावलं. मी खोकत होते, डोळ्यांतून, नाकातून पाणी. नात माझ्यासमोर उकिडवी बसली. तोंड पांढरंफटक.

"लोण्यासारखं," ती म्हणाली.

मी मातीतला तुकडा पदराआड करायला गेले.

"मला नको, आजी. मला न्हाई घ्यायची ती सुई." रविवारी ती वसमतला गेली, आणि तिच्या आईनं बांधून दिलेला डबा पुढच्या शनिवारी तसाच परत आला. भाकरीला बुरशी धरलेली. सून तो डबा कितीतरी वेळ घासत बसली.

डॉक्टरणीला फोन केला. तिनं ताप आहे का, कफ आहे का विचारलं. नव्हता. मग माझी खरडपट्टी काढली. "अम्मा, तमाशा करने को कौन बोला था?" कुणीच बोललं नव्हतं, बाई. सवय.

त्यानंतर मी एक केलं. आतल्या खोलीत आंबील पिणं बंद केलं आणि ओसरीवर, सगळ्यांच्या देखत जेवायला बसू लागले. त्या शनिवारी नात दाराशी उभी राहून बघत होती. मी मऊ भाताचा एवढासा घास घेतला. गळ्यात उभा राहिला. मी थांबले. पाण्याचा घोट घेतला, हनुवटी खाली केली, परत थांबले. गेला. दुसऱ्याला ठसका लागला. पुसलं, थांबले. काही लपवलं नाही.

ती जवळ येऊन बसली. "भ्या वाटते?"

"लई. हरेक घासाला."

"मग काहून खोटं सांगितलं?"

"तू भिशील म्हणून."

"मग, भ्याले न्हाई का?"

मी पुढचा घास घेतला. जेवण व्हायला किती वेळ लागला कोण जाणे, गुरं परत आली. ती बसून होती. मग हळूच म्हणाली, "आन् पोट?"

मी तिचा हात धरून माझ्या पोटावर ठेवला. जेवणानंतर माझ्या पोटाला हात लावू द्यायची माझी कधी छाती झाली नव्हती, नवऱ्यालासुद्धा नाही. तिनं दाबून बघितलं. मऊ होतं. म्हाताऱ्या बाईचं पोट असावं तसं, ढिलं, रिकाम्या पिशवीसारखं. तिनं हात काढला नाही. दुसरा हात स्वतःच्या पोटावर ठेवला. ती सकाळपासून उपाशी होती तरी तिचं घट्टच होतं. उपाशीपोटीही माणूस हवा गिळतंच.

"भरती हुकली तर?" ती म्हणाली.

हुकणार नाही असं म्हणायला माझी जीभ वळवळली. लोण्यासारखं म्हणाली होती तीच जीभ. मी तिला दातांत धरून ठेवलं. "हुकू शकते," मी म्हणाले.

आतून तिची आई म्हणाली, "पुढच्या वर्षी असती भरती. पोरगी पाहिजे तवर." आणि गोठ्याच्या दारात उभा असलेला तिचा बाप, कुणी न विचारता म्हणाला, "ह्या टायमाला मी येतो संगं."

मग हैदराबादला नातीची सुई झाली. तिला माझ्यासारखा चटकन ढेकर आलेला नाही, अजून नाही. डॉक्टरीण फोनवर म्हणते थांबा, कुणाला उशिरा येतो. कुणाला पहिल्या सुईनं येतही नाही, तेव्हा परत बघू. गिळायला मात्र तिला माझ्यासारखंच जड जातंय. काल मोबाईलवर मैदानी चाचणीची तारीख आली. जवळची आहे. तिनं ती वाचली, मोबाईल पालथा ठेवला. जाणार की नाही, ते अजून ठरलेलं नाही.

आज दुपारी आम्ही दोघी ओसरीवर जेवायला बसलो. माझं आता बरंच सुधारलंय, तरी भात मऊच. तिसऱ्या-चौथ्या घासाला तिचा घास अडकला. डोळे मोठे झाले. माझा हात आपोआप तिच्या पाठीकडं गेला, तर तिनं तळवा वर केला: थांब. मी हात मागं घेतला. सून चुलीशी उभी राहिली, उलथणं हातात तसंच. नातीनं हनुवटी छातीला लावली, घोट घेतला, डोळे मिटले. गळ्यात काहीतरी हललं. गेला.

डोळे पुसून तिनं ताटाकडं बघितलं. ताटात अर्धा भात शिल्लक होता. इतके महिने याच जागी ती "बास" म्हणून उठायची. मी तिच्याकडं न बघता माझा घास चावत राहिले, जितका हळू चावता येईल तितका हळू, म्हणजे तिच्याआधी माझं ताट संपायला नको.

ती उठली नाही.